कवटी तिथेच का पडली आहे? ख्रिस्ती धर्मचित्र वाचायची रीत, पायरीपायरीने

ख्रिस्ती धर्मचित्रांबद्दल वाचायला गेलं की बहुधा चिन्हांची एक यादी हाती पडते. लिली म्हणजे कौमार्य, कोकरू म्हणजे ख्रिस्त, मोर म्हणजे अमरत्व, किल्ल्या म्हणजे पेत्र. सुरुवातीची काही वर्षं मीही अशी यादी घेऊनच चित्रांपुढे उभी राहायचे. त्यातून वस्तू ओळखता येऊ लागल्या. पण तीच कवटी एका चित्रात पोटात कालवाकालव करते आणि दुसऱ्यात नुसती पडून असते, असं का, हे काही केल्या कळेना.

एका चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने रेघा मारत बसले, तेव्हा ते उलगडू लागलं. चिन्हाचा अर्थ अर्धाच यादीत असतो. उरलेला अर्धा ते चित्रात कुठे ठेवलंय, कुणाच्या हाताशी, कुणाच्या पायाशी, कुठल्या रेषेच्या टोकाला, यात असतो. म्हणून रचना आधी आणि चिन्हं नंतर, हा क्रम मी आता सोडत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

सरावासाठी एकच चित्र घेऊ: रोगीर व्हान डर वायडन या फ्लेमिश चित्रकाराचं 'क्रूसावरून उतरवलेला ख्रिस्त'. साधारण १४३५ च्या सुमाराचं, ओक लाकडाच्या फळ्यांवर तैलरंगात रंगवलेलं, अडीच मीटरहून जास्त रुंद. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते भरपूर मोठं करून पाहता येतं. शक्यतो छापून घ्या. सोबत ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल, वही आणि मराठी पवित्र शास्त्र हवं.

पहिली पायरी: दहा मिनिटं काहीही न वाचता

चित्राखालची पाटी, माहिती, लेख, सगळं बाजूला ठेवा. प्रसंग ओळखायचीही घाई नको. डोळे किलकिले करून पाहा. तपशील धूसर होतात आणि फक्त मोठे डाग उरतात: उजेडाचे, काळोखाचे, रंगाचे. मोबाइलवर चित्र कृष्णधवल करून पाहिलंत तर उजेड-काळोखाचं गणित आणखी स्पष्ट होतं.

आपल्या चित्रात मागे सपाट सोनेरी भिंत दिसते. मधोमध एक फिकट, जवळजवळ पांढरट आकार तिरपा लोंबतो आहे. त्याच्या खाली, तशाच तिरक्या चालीत, एक गर्द निळा आकार आहे. डावीकडे लाल रंगाचा मोठा पट्टा. कोण कोण आहे हे कळायच्या आधीच चित्राचा गाभा डोळ्यांना कळलेला असतो: एकासारखे एक असे दोन आकार, वरचा फिकट आणि खालचा निळा.

वहीत तीन गोष्टी लिहा. नजर सगळ्यात आधी कुठे गेली? तिथून कुठे सरकली? कुठे अडकली? ही उत्तरं नंतर खोडू नका. अभ्यास वाढला की ती भाबडी वाटतात, पण चित्रकाराने पाहणाऱ्याच्या नजरेला कुठे धरून कसं नेलं, याचा तो एकमेव प्रामाणिक पुरावा असतो.

दुसरी पायरी: नेमका कुठला क्षण?

'ख्रिस्ताच्या मरणाचं चित्र' एवढं म्हणून भागत नाही. क्रूसावर खिळलेला ख्रिस्त, क्रूसावरून उतरवणं, आईच्या मांडीवर घेऊन केलेला विलाप आणि कबरेत ठेवणं हे चार वेगळे विषय आहेत, आणि प्रत्येक विषय वेगळी मांडणी मागतो. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. शिडी दिसली आणि देह माणसांच्या हातांवर असला तर ते उतरवणं. देह जमिनीवर किंवा मांडीवर टेकला असला तर विलाप. दगडी पेटी किंवा गुहेचं तोंड दिसलं तर दफन.

रोगीरने मधला क्षण उचललाय. देह क्रूसावरून सुटलाय, पण जमिनीला लागलेला नाही. शिडीवरचा सेवक अजून वरच आहे, खाली हात पुढे आलेले आहेत, आणि तो देह अधांतरी आहे. हा क्षण निवडल्यामुळेच देहाची ती लांब, ओघळती वळणदार रेषा शक्य झाली.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय काढा. २५ व्या वचनात क्रूसाजवळ येशूची आई, तिची बहीण, क्लोपाची मरीया आणि मग्दालिया मरीया उभ्या आहेत. ३८ आणि ३९ व्या वचनांत अरिमथाईकर योसेफ रोमी सुभेदार पिलाताकडे देह मागतो आणि निकदेम गंधरस व अगरू घेऊन येतो. वहीत दोन रकाने करा. एकात शास्त्रात आहे ते, दुसऱ्यात चित्रकाराने स्वतः आणलेलं ते.

दुसऱ्या रकान्यात पहिली नोंद काय होईल? मरीयेची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्च्छा. शुभवर्तमानात ती उभी आहे. कोसळल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत कुठेही नाही. पण मध्ययुगातल्या भक्तीत एक भावना खोल रुजली होती: मुलाने देहाने जे सोसलं ते आईने मनाने सोसलं, तिचं सोसणं त्याच्या सोसण्याला जोडलेलं आहे. ही सहवेदना दाखवण्यासाठी चित्रकारांनी तिला कोसळताना रंगवलं. त्यावर वादही झाले, कारण 'उभी होती' असं वचन स्वच्छ सांगतं. ही एक नोंद मिळाली की चित्राची अर्धी किल्ली हाती आली म्हणायची. चित्रकार शास्त्रापासून जिथे हलतो, तिथेच तो स्वतः बोलत असतो.

याचं याहून ठळक उदाहरण हवं असेल तर माथियास ग्र्युनेवाल्डचं ईसेनहाइमचं वेदीचित्र (चर्चमधल्या उपासनेच्या वेदीवर ठेवायचं चित्र) पाहा, १५१२ ते १५१६ च्या दरम्यानचं, आता फ्रान्समधल्या कोल्मार शहरात असलेलं. त्यात क्रूसाच्या एका बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान उभा राहून लांबलचक बोटाने ख्रिस्ताकडे दाखवतो. हेरोदाने त्याचा शिरच्छेद त्याआधीच केलेला होता. तो तिथे असणं शक्यच नाही, आणि चित्रकाराला हे ठाऊक होतं. त्याच्या हातामागे लॅटिनमध्ये त्याचंच वचन लिहिलंय: त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. म्हणजे तो प्रसंगातलं पात्र म्हणून आलेला नाही, साक्ष द्यायला आला आहे.

तिसरी पायरी: माणसं मोजा, मग ओळखा

मोजणं बाळबोध वाटेल, पण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोजताना प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबावंच लागतं. इथे दहा माणसं आहेत. ख्रिस्त आणि मरीया मधोमध. लाल झग्यातला, दाढी नसलेला तरुण म्हणजे शिष्य योहान, जो पुढे वाकून मरीयेला सावरतो. तिला मागून धरणारी एक स्त्री, आणि अगदी डाव्या कडेला तोंडाशी कापड धरून रडणारी दुसरी. शिडीवर सेवक. ख्रिस्ताला काखेतून धरणारा म्हातारा आणि पायांकडे भरजरी वस्त्रातला श्रीमंत पुरुष. हे दोघे योसेफ आणि निकदेम, पण कोण कुठला यावर अभ्यासकांत एकमत नाही. उजव्या कडेला, गुडघ्यांत वाकून हात एकमेकांत पिळणारी मग्दालिया, आणि तिच्यामागे हातात डबी घेतलेला एक दाढीवाला.

या डबीपाशी जरा थांबा. सुगंधी तेलाची डबी ही मग्दालियेची ठरलेली खूण. यादी घेऊन पाहणारा इथे गोंधळतो, कारण डबी दुसऱ्याच माणसाच्या हातात आहे. मग ही मग्दालिया कशावरून? तिच्या जागेवरून. ती ख्रिस्ताच्या पायांपाशी आहे, आणि चित्रांच्या परंपरेत ख्रिस्ताचे पाय ही तिचीच जागा. शिवाय डबी तिच्या डोक्यामागे, अगदी तिच्या हद्दीत आहे. रोगीरने तिचे दोन्ही हात मोकळे केले, कारण त्याला ते हात पिळलेले हवे होते.

संतांच्या खुणा मात्र पाठ असलेल्या बऱ्या. खिळ्यांचं चाक कॅथरीनचं, बुरूज बार्बराचा, अंगात रुतलेले बाण सेबास्तियनचे, लोखंडी जाळी लॉरेन्सची. शुभवर्तमानकारांमध्ये मत्तयाला माणूस, मार्काला सिंह, लूकला बैल आणि योहानाला गरुड. एवढं आलं की निम्म्या संतचित्रांत अडायला होत नाही.

चौथी पायरी: पेन्सिलीने रचना उघडी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तासभर गेला तरी चालेल.

आधी चौकट. फळा नुसता आयत नाही. मधला भाग वर उचललेला आहे आणि त्यात क्रूस बसलाय. मागची सोनेरी भिंत, कोपऱ्यांतली कोरीव लाकडी जाळी, आणि भिंत ते चौकट एवढ्यात माणसाच्या खांद्याएवढीच खोली. त्या काळी लाकडी पेटीत रंगवलेल्या मूर्ती बसवून वेद्या करत, त्याचाच हा भास आहे. ना आकाश, ना डोंगर, ना यरुशलेमची वेस. दहा माणसं एका कपाटात कोंबल्यासारखी, आणि तरी गर्दी वाटत नाही. दुःखाला मागे सरकायला जागाच ठेवलेली नाही. ते आपल्याच बाजूला येतं. क्रूसाचं आडवं लाकूडही पाहा. ते इतकं आखूड आहे की पसरलेले हात त्यावर मावणारच नाहीत. चित्रकाराला मोजमाप येत नव्हतं असं समजू नका. ज्याने एकेक पापणी रंगवली त्याला ते कळत होतं. क्रूसाचं काम संपलंय. आता चित्र देहांचं आहे, म्हणून लाकूड आवरतं घेतलंय.

आता ट्रेसिंग पेपर ठेवा आणि ख्रिस्ताच्या देहाची मधली रेषा काढा: डोकं, छाती, कंबर, गुडघे, पाय. डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणारी एक सैल, वाकडी रेषा मिळेल. दुसऱ्या रंगाने मरीयेच्या देहाची रेषा काढा, डोक्यापासून झग्याच्या टोकापर्यंत. मग कागद उचलून फक्त या दोन रेषा पाहा. एकच वळण दोनदा आलंय, एकदा वर आणि एकदा खाली. आईने मुलाचा आकार घेतलाय. दुसऱ्या पायरीत आपण 'सहवेदना' हा शब्द लिहिला होता, तो इथे शब्द न वापरता काढलेला आहे. ही जुळणी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बराच वेळ पेन्सिल खाली ठेवून बसले होते.

मग दोन्ही कडा. डावीकडे योहानाची वाकलेली पाठ, उजवीकडे मग्दालियेची. दोन्हींवरून हात फिरवल्यासारखी रेघ काढा. कंस उघडावा आणि मिटावा तशा या दोन पाठी सगळ्या जमावाला आत धरून ठेवतात. नजर कडेकडे निसटायला लागली की या पाठी तिला परत आत वळवतात. एक कंस झाकून पाहा. मग्दालियेवर तळहात ठेवा, आणि उजवी बाजू कशी उघडी पडते, ख्रिस्ताचे पाय चित्राबाहेर घसरल्यासारखे कसे वाटतात, ते दिसेल.

आता हात. प्रत्येक हाताच्या जागी एक टिंब द्या. धरणारे हात, पिळलेले हात, सावरणारे हात. मधोमध दोन हात कुणीही धरलेले नाहीत: ख्रिस्ताचा खाली लोंबणारा आणि त्याच्याजवळ मरीयेचा. चित्र मोठं करून दोघांवर या. दोन्ही सारखेच सैल, बोटं सारखीच निर्जीव. एकावर खिळ्याची जखम आहे, दुसऱ्यावर नाही. फरक तेवढाच. एक हात मेलेल्याचा, एक जिवंत बाईचा, आणि एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असूनही ते एकमेकांना लागत नाहीत. हे अंतर चित्रकाराने मिटवलं नाही. मिटवलं असतं तर चित्र गोड झालं असतं.

ख्रिस्ताच्या हातापासून मरीयेच्या हातांवरून आणखी खाली, डावीकडे रेघ नेत जा. ती जमिनीशी कवटीपाशी पोचते.

पाचवी पायरी: आता चिन्हं

कवटीचा अर्थ तसा माहितीतला आहे. जिथे क्रूस उभारला त्या जागेचं नाव गुलगुथा, म्हणजे कवटीची जागा. आदाम, पहिला माणूस, तिथेच पुरलेला होता अशी जुनी समजूत आहे. ज्याच्या अपराधाने मरण जगात आलं त्याच्या हाडांवर, ज्याच्या मरणाने ते फिटलं त्याचा क्रूस. म्हणून शेकडो क्रूसचित्रांत पायथ्याशी कवटी असते.

पण आपल्या चित्रात ती नुसती पायथ्याशी नाही. वरून उतरत आलेल्या हातांच्या रेषेच्या तळाला आहे. आदामाच्या कवटीकडे मुलाचा हात उतरतो, आणि मध्ये आईचे हात आहेत. तारणाच्या गोष्टीत आईची जागा कुठे, हे सांगायला धर्मपंडितांनी ग्रंथ लिहिले. इथे ते एका तिरप्या रेघेवर आहे. कवटीवर बोट ठेवून ती झाका. प्रसंग तसाच राहतो, पण तो एका घरच्या मरणाचा होतो. बोट उचललं की तो पहिल्या माणसापर्यंत मागे जातो.

बोटाने झाकून पाहायची ही परीक्षा मी प्रत्येक चिन्हाला लावते. ते झाकलं तर चित्राच्या अर्थात काही हललं का? हललं तर चिन्ह खरं काम करतंय. नाही हललं तर ती बहुधा नुसती वस्तू आहे, आणि वस्तूला वस्तू म्हणून राहू देण्यात कमीपणा नाही. प्रत्येक कुत्र्यात निष्ठा आणि प्रत्येक फळात पाप शोधत बसलं की चित्राचा जीव जातो. दोन प्रश्न आणखी विचारावेत: ही वस्तू कुणाच्या जवळ आहे, आणि चित्रातलं कुणी तिच्याकडे पाहतंय का?

जवळ कुणाच्या आहे हे फार महत्त्वाचं, कारण एकच चिन्ह अनेक घरी नांदतं. सिंहाचंच बघा. पंख असले तर मार्क. म्हाताऱ्या विद्वानाच्या पायाशी निवांत बसला असेल तर जेरोम. पायाखाली तुडवलेला असेल तर सैतानी शक्ती. यादीत तीनही अर्थ शेजारी शेजारी छापलेले असतात. निवड चित्रच करतं.

काही चिन्हं धर्माची नसतात, देणाऱ्याची असतात. वरच्या जाळीच्या कोपऱ्यांत पाहा. नाजूक नक्षीत इवली इवली क्रॉसबो लटकवलेली दिसतील, खटका दाबून बाण सोडायची आडवी धनुष्यं. हे चित्र आजच्या बेल्जियममधल्या ल्यूव्हेन शहरातल्या क्रॉसबोधारी नेमबाजांच्या संघाने आपल्या चॅपेलसाठी, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहासाठी, करवून घेतलं होतं. ती त्यांची सही आहे. ख्रिस्ताच्या देहाच्या वळणातही ताणलेल्या धनुष्याचा आकार काही अभ्यासकांना दिसतो. मला ते पटतं, पण ट्रेसिंग पेपरवर स्वतः रेषा काढून तुमचं तुम्ही ठरवा.

अक्षरं दिसली तर तीही सोडू नका. क्रूसावरच्या पाटीवर लॅटिनमध्ये बहुधा चारच आद्याक्षरं असतात. पूर्ण अर्थ 'नासोरी येशू, यहूद्यांचा राजा'. यान व्हान आयकच्या वॉशिंग्टनमधल्या चित्रात देवदूत मरीयेला ती येशूची आई होणार हा निरोप सांगतो आणि तिचं उत्तर सोनेरी अक्षरांत उलटं लिहिलंय, खाली डोकं वर पाय. कारण ते उत्तर वरून पाहणाऱ्या देवाला आहे. अक्षरांची दिशाही रचनेचा भाग असते.

सहावी पायरी: रंग आणि उजेड

मरीयेचा निळा हा नुसता तिचा ठरलेला रंग नव्हे. हा अल्ट्रामरीन, लाजवर्दी दगड कुटून काढलेला, आणि तो दगड तेव्हा आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून युरोपात येई. रंगांमध्ये तो फार महागडा. तो चित्रभर वापरणं परवडत नसे, म्हणून तो कुठे घातलाय हे पाहिलं की मान कुणाला दिलाय हे कळतं. इथे सगळ्यात उजळ निळा जमिनीवर कोसळलेल्या बाईच्या अंगावर आहे, आणि तिचा चेहरा त्यामुळे आणखीच पांढराफटक दिसतो.

चित्र पुन्हा मोठं करा, तिच्या गालावर या. अश्रू रंगवलेत, एकेक थेंब सुटा, प्रत्येकाला उजेडाचा कण आणि खाली बारीकशी सावली. दोन मीटर उंचीच्या फळ्यावर हे थेंब लांबून दिसणार नाहीत हे रोगीरला ठाऊक होतं. तरी त्याने ते काढले. तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक दिल्याशिवाय असा थेंब उभा राहत नाही.

उजेडासाठी दोन प्रश्न पुरतात: तो कुठून येतो, आणि कुठून यायला हवा होता पण येत नाही? काराव्हाज्जोने १५९९–१६०० मध्ये रंगवलेलं 'मत्तयाला पाचारण' रोमच्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये आहे. त्यात भिंतीला खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येत नाही. तो येतो उजवीकडून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून, त्याच्या पुढे केलेल्या हाताबरोबर जकात मोजणाऱ्यांच्या मेजाकडे. खिडकीच्या चौकटीत लाकडाचा क्रूस झालाय, तो त्या हाताच्या वर येतो. खिडकी असूनही उजेड तिचा नाही, हे लक्षात आलं की पुढचं सांगावं लागत नाही. प्रत्यक्ष चॅपेलमध्ये वेदीवर एक खरी खिडकी आहे, आणि ती या चित्राच्या उजव्या अंगालाच येते.

सातवी पायरी: चित्र कुठे होतं?

संग्रहालयाच्या भिंतीवरून चित्र मनाने काढा आणि मूळ जागी टांगा. रोगीरचं चित्र ल्यूव्हेनमधून सोळाव्या शतकात हंगेरीच्या राणी मेरीकडे गेलं, तिथून तिचा पुतण्या स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे, पुढे एल एस्कोरियालला, म्हणजे त्याच्या मठ-राजवाड्यात, आणि १९३९ मध्ये प्रादोत आलं. पण ते घडलं होतं वेदीसाठी. कॅथलिक उपासनेत धर्मगुरू वेदीपाशी भाकर उंच धरतो, आणि ती ख्रिस्ताचं शरीर आहे असं श्रद्धावान मानतात. भाकर वर उचलली जात असताना मागे तेच शरीर क्रूसावरून खाली, वेदीकडे उतरतंय. देह अधांतरी का ठेवला याचं आणखी एक उत्तर इथे मिळतं, आणि ते संग्रहालयात उभं राहून सुचत नाही.

जागा कळली की इतर चित्रंही बोलू लागतात. ईसेनहाइमचं वेदीचित्र अंतोनाइट संघाच्या मठासाठी होतं. तिथे अर्गट या बुरशीने दूषित झालेलं धान्य खाऊन होणाऱ्या, अंगाची आग करणाऱ्या आणि अवयव झडवणाऱ्या रोगाच्या लोकांची शुश्रूषा होई. आता ख्रिस्ताच्या त्वचेवरचे व्रण पुन्हा पाहा. मिलानमधलं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' मठाच्या जेवणघरात आहे. साधू रोज त्या मेजासमोर आपल्या मेजावर जेवत. फ्लोरेन्सच्या सान मार्को मठात जिना चढून वर आलं की समोरच फ्रा आंजेलिकोने देवदूताचा निरोप रंगवलाय, आणि खाली लिहिलंय की इथून जाताना मरीयेला नमन म्हणायला चुकू नका.

आठवी पायरी: लिहा, आणि दुसऱ्या चित्राला हात घाला

वही उघडून एक परिच्छेद लिहा. 'मला आवडलं' आणि 'या चिन्हाचा अर्थ असा' ही दोन्ही वाक्यं वर्ज्य. प्रत्येक वाक्यात एक जागा आली पाहिजे: वर, खाली, मागे, जवळ, रेषेत, झाकलेलं. 'कवटी मरणाचं प्रतीक आहे' असं लिहायचं नाही. 'ख्रिस्ताच्या हातापासून आईच्या हातांवरून उतरणारी रेषा आदामाच्या कवटीपाशी संपते' असं लिहायचं. जागा लिहिली की अर्थ आपोआप वाक्यात येतो, आणि तो तुमचा स्वतःचा असतो.

मग त्याच प्रादोतलं फ्रा आंजेलिकोचं 'देवदूताचा निरोप' घ्या, १४२५–२६ च्या सुमाराचं. उजवीकडे कमानीखाली मरीया आणि देवदूत गब्रीएल, डावीकडे बागेतून बाहेर घालवलेले आदाम आणि हव्वा. इथे कवटी नाही. तरी आदाम पुन्हा आलाय, या वेळी चित्राच्या डाव्या कडेला, पाठ फिरवून निघालेला. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सोनेरी किरण निघतो आणि खांबांमधल्या लोखंडी कांबीवर एक पाकोळी बसली आहे. पाखराचा अर्थ काय ते शोधायला लगेच धावू नका. आधी ट्रेसिंग पेपर ठेवा, किरणाची तिरपी रेघ काढा, आणि ती कुणाच्या डोक्यावरून जाऊन कुणापाशी थांबते ते पाहा.